पाव मैलाची गाडी, पंचविसाव्या हिश्शात

जुन्या अमेरिकन ड्रॅग गाड्यांची मॉडेलं करायला बसणाऱ्याला एक हिशेब फुकटात मिळतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याला २५ ने भागलं की येतात १.०१६, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. यांची किट, म्हणजे जोडायच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांचे संच, बहुतेक १/२५ प्रमाणात येतात आणि खऱ्या गाड्यांची सगळी मापं इंचात लिहिलेली सापडतात. १९४१ च्या विलीस गाडीच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर १०४ इंच, म्हणून टेबलावरच्या विलीसमध्ये ते साधारण १०६ मिलिमीटर भरायला हवं. पट्टी लावा, किट बरोबर आहे की कंपनीने हात मारलाय ते लगेच कळतं.

काही किट, विशेषतः मोनोग्राम कंपनीची, १/२४ मध्ये येतात. तिथे एका फुटाला अर्धा इंच असा हिशेब. फरक चारच टक्क्यांचा, पण १/२४ चं इंजिन १/२५ च्या बॉनेटखाली बसवायला गेलात की ते चार टक्के चांगलेच जाणवतात.

आता मुळात ही गाडी काय चीज आहे ते बघू. ड्रॅग शर्यतीत दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. इशारा झाला की सुटायचं आणि सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, दुसऱ्याच्या आधी पार करायचे. वळण नाही, दुसरी फेरी नाही. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत, त्या पाहिलेल्यांना कल्पना असेल. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर हा नाद फोफावला. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली आणि रस्त्यावरच्या बेफाम शर्यतींना नियमावली मिळाली. सुरुवातीला झेंडा दाखवून गाड्या सोडत. रंगीत दिव्यांचा खांब, ज्याला तिकडे ख्रिसमस ट्री म्हणतात, तो १९६३ मध्ये आला.

वळायचंच नसल्यामुळे सगळी गाडी एका कामासाठी बनते: इंजिनाची ताकद मागच्या टायरांतून रस्त्याला लावायची. तिचं तोंड वर का, चाकं भलत्याच जागी का, टायरच्या कडेला सुरकुत्या का, या सगळ्याची उत्तरं तिथेच मिळतात. माझं मत असं की अचूक मॉडेलला नाजूक हात लागतो त्याहून जास्त ही कारणं माहीत असावी लागतात. हात सरावाने बसतो. कारण माहीत नसेल तर मात्र माणूस चुकीची गोष्ट मोठ्या सफाईने करत राहतो.

किट चुकीची का निघतात, यालाही इतिहास आहे. मिशिगनमधली एएमटी कंपनी आधी मोटारविक्रेत्यांसाठी छोट्या प्रतिकृती बनवायची. नवी गाडी बाजारात आली की शोरूममध्ये गिऱ्हाइकाला रंग-रूप दाखवायला त्या उपयोगी पडत. १९५८ मध्ये कंपनीने त्याच धर्तीवर जोडायची किट काढली. एका खोक्यात तीन पर्याय: कारखान्यातून निघते तशी, नटवलेली, किंवा शर्यतीची. बाहेरचं शरीर गाडी कंपन्यांच्या मदतीने बनलेलं, म्हणून ते बहुधा छान. खालचा भाग मात्र नावापुरता. जुन्या कितीतरी किटमध्ये पुढच्या चाकांचा लोखंडी दांडा चक्क इंजिनाच्या आरपार जातो! खेळताना चाकं फिरावीत एवढाच त्यामागचा विचार. अचूक मॉडेल करणाऱ्याचं पहिलं काम हे भोक बुजवायचं.

साच्यांची गंमत आणखी वेगळी. पोलादी साचा महाग, त्यामुळे पुढच्या वर्षी गाडीचं रूप बदललं की त्याच साच्यात फेरफार करून नवी आवृत्ती काढायची पद्धत होती. जुनी आवृत्ती तिथेच संपली. ड्रॅगची लाट आली तेव्हा काही साच्यांवर शर्यतीच्या गाडीसाठी असेच कायमचे घाव पडले. फनी कारच्या, म्हणजे नेहमीच्या गाडीसारखं शरीर चढवलेल्या खास शर्यतीच्या गाडीच्या, किटमध्ये तर एकच सांगाडा वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांखाली ढकललेला आढळतो. खोक्यावरचं चित्र पाहून विकत घ्या, पण खोक्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवू नका.

मग विश्वास कशावर ठेवायचा? फोटोवर, आणि तोही तारीख ठाऊक असलेल्या फोटोवर. या गाड्या कधी स्थिर नसायच्या. स्टोन, वुड्स आणि कुक या त्रिकुटाची विलीस घ्या. साठच्या दशकातल्या गॅसर, म्हणजे पेट्रोलवर धावणाऱ्या ड्रॅग गाड्यांत तिच्याइतकी गाजलेली दुसरी क्वचितच. स्टोन आणि वुड्स हे कृष्णवर्णीय मालक, कुक गोरा चालक. त्या काळच्या अमेरिकेत ही जोडी हीच मोठी गोष्ट होती. ‘बिग जॉन’ मॅझमेनियनच्या झगमगत्या लाल विलीसशी त्यांची चुरस रंगायची आणि शर्यतीच्या साप्ताहिकांत एकमेकांना डिवचणाऱ्या जाहिराती छापून यायच्या. त्यांच्या गाडीचं रेव्हेल कंपनीने किट काढलं. पण ‘स्विंडलर’ हे नाव लावलेल्या गाडीत आधी ओल्डस्मोबिलचं इंजिन होतं आणि पुढे क्रायस्लरचं हेमी, म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षाचं इंजिन, आलं. एका वर्षाचं इंजिन, दुसऱ्या वर्षाची चाकं आणि तिसऱ्या वर्षाची अक्षरं एकत्र केली तर तशी गाडी कधी अस्तित्वातच नव्हती. म्हणून आधी शर्यत ठरवायची, मग गाडी. आणि संग्रहालयात उभी असलेली गाडी पाहताना जरा जपून. फ्लोरिडातल्या ओकाला इथे गाजलेले ड्रॅग चालक डॉन गार्लिट्स यांचं ड्रॅग संग्रहालय आहे, कॅलिफोर्नियात पोमोना इथे एनएचआरएचं. दोन्ही खजिने. मात्र कुठलीही जुनी गाडी पुन्हा उभी करताना सुटे भाग मिळतील तसे बसवलेले असू शकतात, आणि रंग तर शर्यतीच्या दिवसापेक्षा हटकून जास्त चकचकीत.

फोटोवरून मापं काढायची युक्ती सोपी आहे. अगदी बाजूने काढलेला फोटो शोधा. दोन एक्सलमधलं अंतर कारखान्याच्या माहितीतून मिळतं, तीच तुमची पट्टी. विलीसच्या फोटोत ते २०८ मिलिमीटर भरलं तर फोटोतले २ मिलिमीटर म्हणजे खरा एक इंच. रिंगवरून मोजायला जाल तर फसाल. १५ इंची रिंग म्हणतात तेव्हा ते टायर जिथे बसतो तिथलं माप असतं, बाहेरची दिसणारी कड त्याहून मोठी असते.

आता गाडी उभी कशी राहते, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. शंभर तुकडे नीट जोडून गाडीची उभं राहण्याची ढब चुकली तर मॉडेल मेलेलं दिसतं. गॅसर गाड्यांचं नाक वर असायचं. एसटी झटक्यात सुटली की उभे प्रवासी मागे रेलतात, तसंच गाडीचं वजन वेग घेताना मागच्या चाकांवर जातं. किती जातं याचं गणित आहे: गाडीचं वजन गुणिले प्रवेग गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन एक्सलमधलं अंतर. समजा १२०० किलोची गाडी, प्रवेग गुरुत्वाकर्षणाइतका, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर आणि एक्सलमधलं अंतर २४० सेंटिमीटर. ३०० किलो भार पुढून मागे सरकला. उंची वाढवा, आणखी सरकेल. त्या काळच्या टायरांना पकड बेताची, म्हणून लोकांनी गाड्या उंच केल्या. मूळचं पुढचं सस्पेन्शन काढून त्या जागी सरळ एक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) बसवले.

उंचीला अर्थात मर्यादा होती. गॅसर वर्गात क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचा, मध्य जमिनीपासून २४ इंचांच्या वर न्यायला परवानगी नव्हती. मॉडेलवाल्यासाठी हा नियम म्हणजे वरदान. इंजिनाच्या पुढच्या पुलीचा मध्य टेबलापासून मोजा, २४.४ मिलिमीटरच्या वर गेला तर तपासणीतच गाडी बाद झाली असती. इंजिन मागे सरकवायलाही सीमा होती, एक्सलमधल्या अंतराच्या दहा टक्के. विलीसमध्ये ते १०.४ इंच होतात, म्हणजे मॉडेलमध्ये साडेदहा मिलिमीटरच्या आसपास. हल्ली हौसेने केलेल्या कितीतरी गॅसर मॉडेलांची नाकं आभाळाकडे असतात. दिसायला भारी, पण ती साठच्या दशकातली नव्हेत. आणि गाडी उंच होती म्हणजे तिरपी होती असंही नाही. बऱ्याच गाड्या पुढून-मागून सारख्याच उंच, जवळपास सपाट उभ्या असायच्या. जुने फोटो बघा.

वजन मागे नेण्याचा दुसरा, जास्त बेरकी मार्ग क्रायस्लरने १९६५ मध्ये काढला. गाडी उंच करण्यापेक्षा चाकंच पुढे सरकवली तर? डॉज आणि प्लिमथच्या मोजक्या गाड्यांमध्ये मागचा एक्सल १५ इंच पुढे आणला, पुढची चाकं १० इंच पुढे नेली. शरीर तेवढंच, चाकं भलतीकडे. मागची चाकं गाडीच्या पोटाखाली आल्यामुळे उभ्या गाडीचंही जास्त वजन त्यांच्यावर पडू लागलं. पत्रा हलका करायला अख्खी बॉडी ॲसिडमध्ये बुडवून काढलेली. एनएचआरएने या गाड्यांना फॅक्टरी एक्सपेरिमेंटल वर्गात घ्यायला नकार दिला, तेव्हा त्या ठरवून लावलेल्या जोडीच्या शर्यतींकडे वळल्या आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. फनी कार हा प्रकार इथूनच पुढे वाढला. त्याच एका हंगामात या गाड्यांवरचे कार्बुरेटर जाऊन उभ्या नळ्यांचं फ्युएल इंजेक्शन आलं, मग इंधनात नायट्रोमिथेन आलं. म्हणजे वसंतातली गाडी आणि शरदातली गाडी बॉनेटवरूनच वेगळ्या ओळखू येतात.

साध्या किटमधून अशी गाडी करायची तर कापाकापी अटळ. दरवाज्याची मागची कड आणि मागच्या चाकाची कमान यांच्यामधली पट्टी, १५.२ मिलिमीटर रुंद, बारीक करवतीने उभी कापून काढायची. कमान पुढे सरकवून चिकटवायची आणि कापलेली पट्टी कमानीच्या मागे लावायची. गाडीची लांबी तसूभरही बदलत नाही. पुढच्या चाकालाही तसंच: कमानीच्या पुढची दहा मिलिमीटरची पट्टी काढून ती कमानीच्या मागे. नंतर फटींत पुट्टी भरा, घासा, प्रायमर मारा, पुन्हा घासा. लोक इथवर येऊन थांबतात आणि गाडी उलटी करून बघतच नाहीत. मागचा एक्सल पुढे आला म्हणजे इंजिनाची ताकद मागे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट तेवढाच आखूड व्हायला हवा, पाट्यांचे टेकू सरकायला हवेत, आणि आत मागच्या सीटच्या जागी चाकांचे फुगवटे दिसायला हवेत.

इंजिनाकडे वळू. इथे एका नजरेत ओळखता येणारी खूण म्हणजे डिस्ट्रिब्यूटरची, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाची, जागा. शेव्हर्ले व्ही-८ (दोन रांगांत आठ सिलिंडर) आणि क्रायस्लरचं जुनं ३९२ हेमी (आकडा इंजिनाच्या घन इंचातल्या आकाराचा) यांचा डिस्ट्रिब्यूटर मागे, केबिनच्या बाजूला. १९६४ मध्ये आलेल्या ४२६ हेमीचा पुढे. फोर्डच्या ४२७ चाही पुढे. प्लगच्या तारा खऱ्या गाडीत सात ते आठ मिलिमीटर जाड, म्हणून मॉडेलमध्ये ०.३ मिलिमीटरच्या आसपास. बाजारातली बरीच ‘वायरिंग किट’ याच्या दुप्पट जाड असतात आणि इंजिन दोरखंडात गुंडाळल्यासारखं दिसतं. ४२६ हेमीत प्लग सिलिंडर हेडच्या मधोमध असल्यामुळे तारा व्हॉल्व्ह कव्हरमधल्या भोकांतून आत जातात. बाजूला एक्झॉस्टजवळ जोडल्या तर ते हेमी राहिलंच नाही.

कोणती तार कुठे, हेही ठरलेलं. शेव्हर्ले आणि हेमी दोन्हींचा ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, चालकाच्या (अमेरिकेत डाव्या) बाजूला विषम सिलिंडर, पलीकडे सम. फोर्ड मात्र उजव्या रांगेला १ ते ४ आणि डाव्या रांगेला ५ ते ८ मोजतो. डिस्ट्रिब्यूटरवर आठ तारा अधिक कॉइलची एक अशा नऊ. व्हर्टेक्ससारखा मॅग्नेटो असेल तर तो ठिणगी स्वतःच तयार करतो, तिथे कॉइलची तार नसते, आठच. हे कोणी मोजणार नाही म्हणाल, तर मोजणारे असतात.

इंजिनावरचा तो मोठा चौकोनी डबा म्हणजे ब्लोअर, जास्त हवा कोंबणारा पंप. त्याचं ६-७१ हे नाव जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनावरून आलं, सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच. बस-ट्रकांच्या इंजिनावरचा हा भाग भंगारातून उचलून पोरांनी शर्यतीच्या गाडीवर बसवला. नायट्रोमिथेनचं कारणही थोडक्यात सांगतो. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे त्याला १.७ किलो पुरते. तेवढ्याच हवेत आठपटीहून जास्त इंधन जाळता येतं. म्हणून नायट्रोवर धावणाऱ्या गाडीच्या इंधनाच्या नळ्या जाड हव्यात. पेट्रोलच्या गॅसरवर तशाच नळ्या लावल्या तर जाणकाराला खटकतं.

टायर आणि चाकं यांच्यावरून साल ओळखता येतं. साठच्या सुरुवातीचे गुळगुळीत टायर, म्हणजे स्लिक, ताठ कडांचे. बाजू चुरगळणारे मऊ स्लिक नंतरचे. ते सुटताना मुरडतात आणि रस्त्याला धरून ठेवतात. टायर असे चिकट झाल्यावर गाडी उंच करायचं कारणच उरलं नाही, आणि दशकाच्या शेवटी गाड्या पुन्हा खाली बसल्या. क्रॅगरची प्रसिद्ध पाच आऱ्यांची एसएस चाकं १९६४ ची. १९६२ च्या गाडीवर ती दिसली की समजावं, किटमध्ये होती म्हणून लावली.

लांबलचक ड्रॅगस्टर, म्हणजे नळ्यांच्या सांगाड्यावर बांधलेली खास शर्यतीची गाडी, हा वेगळाच विषय, त्याला इथे न्याय मिळणार नाही. एक घटना तेवढी माहीत हवी. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्सच्या ‘स्वॅम्प रॅट १३’ चा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. तोवर चालक इंजिनाच्या मागे, एक्सलवर मांड ठोकल्यासारखा बसायचा. गार्लिट्सने १९७१ मध्ये ‘स्वॅम्प रॅट १४’ मध्ये इंजिन स्वतःच्या पाठीमागे नेलं आणि पोमोनाची विंटरनॅशनल्स ही शर्यत जिंकली. थोड्याच वर्षांत जुनी रचना संपली. या गाड्यांचा सांगाडा म्हणजे सव्वा ते दीड इंची नळ्या, मॉडेलमध्ये जेमतेम दीड मिलिमीटर. किटमधल्या नळ्यांवर साच्याची रेघ असते आणि ती घासताना नळी चपटी होते. पितळी किंवा प्लॅस्टिकच्या गोल काडीने सांगाडा नव्याने बांधणं सोपं पडतं.

प्लॅस्टिकची जाडी हे शेवटचं दुखणं. गाडीचा पत्रा सुमारे एक मिलिमीटरचा, प्रमाणात ०.०४. किटची भिंत मिलिमीटरभर, म्हणजे खऱ्या गाडीवर इंचभर जाड पत्रा. सगळी भिंत कोणी पातळ करत नाही. चाकांच्या कमानी आणि बॉनेटच्या कडा आतून तिरक्या घासल्या की डोळा फसतो. रंगाचंही तेच. ०.१ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटर, त्यात दरवाज्यांच्या फटी बुजतात. पातळ हात मारा, आणि चमकीचा रंग असेल तर सगळ्यात बारीक दाण्याचा घ्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर मारू नका. हवेतला ओलावा थरावर बसून पांढुरका डाग धरतो. किटमधला क्रोम फारच आरशासारखा वाटला तर धुण्याच्या ब्लीचमध्ये बुडवून तो उतरवता येतो. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही रसायन मिसळू नका.

डिकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील अक्षरं आणि चित्रं, सगळ्यात शेवटी. खिडकीवर किंवा दारावर ‘ए/जीएस’ असं काही लिहिलेलं असतं. त्यातला ‘ए’ गाडीचं वजन भागिले इंजिनाचा आकार यावरून ठरतो, ‘जी’ म्हणजे गॅस (अमेरिकन बोलीत पेट्रोल), ‘एस’ म्हणजे ब्लोअर लावलेला. ब्लोअर नसलेल्या गाडीवर तो ‘एस’ कसा चालेल? काचेवरचं हे लिखाण बऱ्याचदा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने हाताने केलेलं असायचं. छापील सरळ अक्षरांपेक्षा बारीक कुंचल्याने थोडी वाकडी अक्षरं काढली तर ती जास्त खरी दिसतात. मडगार्डवरचे स्पार्क प्लगचे, तेलाचे, कॅमचे छोटे स्टिकर शोभेचे नव्हते. विजेत्याच्या गाडीवर स्टिकर असेल आणि तो माल वापरलेला असेल तरच ती कंपनी बक्षिसाचे जादा पैसे द्यायची. त्यामुळे शर्यतीगणिक स्टिकर बदलायचे. किटच्या पानावर आहेत तेवढे सगळे चिकटवायचे नसतात, निवडलेल्या फोटोत दिसतात तेवढेच.